उजव्या पायाचा तिसरा खिळा

सन दोन हजार सोळा. माझं वय एकसष्ट. जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी मी वाशीमला, गुरांच्या बाजाराजवळच्या रामदासच्या चहाच्या हॉटेलात बसून टीव्हीतल्या एका शिंप्याला शिव्या देत होतो.

कोर्टाची जुनी हिंदी मालिका होती, माझ्या जवानीतली. रविवारी ती पुन्हा दाखवायचे आणि आमचं सारं टोळकं कामं टाकून पाहायचं. दर भागात एक खून, पिंजऱ्यात एक बेकसूर माणूस आणि त्याला सोडवणारा एक वकील. वकील शेवटी असा काही सवाल करायचा की खरा खुनी मागच्या बाकावरून आपणहून उभा राहायचा. त्या दिवशी मेलेल्या माणसाजवळ एक कोट सापडला होता. शिंपी छाती ठोकून सांगत होता, साहेब, हा टाका माझ्या हातचा आहे, हा कोट मी याच माणसाला शिवून दिला. वकिलानं त्याला आधी पाणी पाजलं. मग कोट त्याच्या हातात दिला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मास्टरजी, तुम्ही बाही पाहिली. पुरा कोट पाहिला होता का?"

शिंपी गप्प. कपाळावर घाम.

"अबे बोल ना!" मी बाकावरून ओरडलो. "पायला नसन तं नाई पायला म्हन! कायले मुंडी खाली घालून राह्यला?"

आणि लाईट गेली.

"दौलतभाऊ," रामदास म्हणाला, "तुमचा आवाज आयकून शिंपी पयाला पाहा."

सारे हसले. मला हसू आलं नाही. कारण दोन दिवसांनी, मंगळवारी, त्याच शिंप्याच्या जागी मला उभं राहायचं होतं. कोट नव्हता, बैल होता. आणि मीही बाहीच पाहिली होती.

हे समजायला आधी माझा धंदा समजून घ्यावा लागेल.

मी नालबंद. माझा बाप नालबंद, आजा नालबंद. शाळा तिसरीपर्यंत, तीही अर्धी. पण वाशीमपासून रिसोडपर्यंत कोणत्याही कास्तकाराला विचारा. बैलाच्या पायात नाल लागतो, कारण वावरात चालणारा खूर डांबरी रस्त्यावर कांद्यासारखा झिजतो. लोकांना वाटतं बैलाला चार नाल. नाही बाप्पा, आठ. खूर फाटलेला असतो ना, एका पायाला दोन भाग, म्हणून दोन पातळ नाल. एका नालाला चार खिळे. खिळा खुराच्या मेलेल्या भागातून तिरपा वर काढायचा. जिवंत भागाला लागला की बैल महिनाभर लंगडतो आणि नालबंदाचं नाव जन्मभर. बाहेर आलेलं टोक मी वळवून दोनदा दाबतो. दोनदा दाबणारा या भागात मी एकटा. म्हणून माझा नाल मी अंधारात बोटानं ओळखतो, हे मी कोणालाही सांगायचो. विचारलं नाही तरी सांगायचो.

घोडा उभ्याउभ्या नाल मारून घेतो. बैल घेत नाही, त्याला पाडावा लागतो. दोर अंगाभोवती विशिष्ट तऱ्हेनं टाकून ओढला की एवढं मोठं जनावर अलगद कुशीवर बसतं. मग चारी पाय एकत्र बांधायचे. मालक मानेवर बसतो, शिंगं धरतो, बैलाशी बोलत राहतो. आणि मी इकडे पायांशी, मान खाली घालून. बाजाराच्या दिवशी एक बैल उठतो, दुसरा पडतो. चाळीस वर्षं मी असाच बसलो. बैलाचं तोंड कसं होतं, मानेवर कोण बसला होता, मला विचाराल तर सांगता यायचं नाही. मला सारे पायच दिसायचे. ही आमच्या धंद्याची खोड आहे, आणि ती चुकीची आहे हे कळायला मला एकसष्ट वर्षं लागली.

गिऱ्हाईकंही नाना तऱ्हेची. कोणी शनीसाठी काळ्या घोड्याचा झिजलेला नाल मागायचा, दारावर ठोकायला. काळा घोडा वाशीमात मिळतो कुठं? मी त्यांना सांगायचो, बैलाचा घेऊन जा, शनीला काय फरक कळून राह्यला. एक वकील साहेब तसलाच नाल घेऊन गेले होते. पुढे त्यांची न् माझी गाठ पडलीच.

आता खटला.

गुलाबराव म्हणून एक मोठे कास्तकार. गावाचं नाव सांगत नाही. त्यांच्या बापापासून त्यांचे बैल माझ्याकडे. पोळा झाल्यावर चार दिवसांनी त्यांचा पांढरा बैल गोठ्यातून चोरीला गेला. गुलाबरावांनी त्या बैलासाठी तीन तालुके पालथे घातले. घरी चूल पेटली नाही असं म्हणायचे लोक, आणि ते खोटं नव्हतं. जानेवारीत ते वाशीमच्या बाजारात आले, तर एका बंडीला तोच पांढरा बैल जुंपलेला! तेच शिंग, तीच चाल. गुलाबरावांनी बैलाच्या गळ्याला मिठी मारली आणि बंडीवाल्याची कॉलर धरली.

बंडीवाला किसन. रिसोड रोडवरच्या एका खेड्यातला, बौद्ध वस्तीतला, वय असेल चाळीसच्या आतबाहेर. दिवाळीच्या आधी बाजारातून बैल विकत घेतला असं त्याचं म्हणणं. पावती होती, पण ती शर्टाच्या खिशात राहिली आणि बायकोनं शर्ट नदीवर धुतला. विकणारा व्यापारी कुठला, कोणाला पत्ता नाही. तेव्हा ढोरांच्या कानात ते पिवळे बिल्लेही सर्रास नव्हते. पोलिसांनी बैल कोंडवाड्यात बांधला आणि किसनला कोठडीत.

मग मला बोलावणं आलं. ठाण्याच्या आवारात बैल उभा. गुलाबराव मला पाहून रडायलाच लागले. "दौलत, तू सांग रे बाप्पा यायले. तुयाच हातचे नाल हायेत."

मी बैलाचा मागचा डावा पाय उचलला. पाहिलं. टोक दोनदा दाबलेलं.

"नाल माझे," मी म्हणालो.

"मंग बैल गुलाबरावांचाच ना?" जमादारानं विचारलं.

"माझा हात मी ओळखत नाही का? त्यायचाच."

तेवढ्यात कोठडीच्या गजांमागून आवाज आला. "दौलतभाऊ, असं काय करता? तुमीच तं मारले नाल, मांगच्या महिन्यात. मी मानेवर बसलो होतो. तुमी मले म्हनलं, बैल गरीब हाय तुया."

मी वळून पाहिलं. वाढलेली दाढी, डोक्याला दुपट्टा. तो माणूस मी जन्मात पाहिलेला नव्हता.

"मी तुले वयखत नाही," मी म्हणालो, आणि कागदावर सही केली. सही मला छान येते. तेवढीच येते.

किसन चार दिवसांनी जमानतीवर सुटला. पण सुटला म्हणजे काय, गावात चोर ठरला. त्याच्या बापानं दुसऱ्याच्या वावरात राबून स्वतःची चार एकर केली होती. त्या घरात तोवर पोलीस आला नव्हता. किसनची बायको एकदा माझ्या टपरीसमोर येऊन उभी राहिली. भांडली नाही. म्हणाली, "भाऊ, माया पोराले शाळेत पोट्टे बैलचोर म्हनून राह्यले. तुमी एकडाव त्या बैलाले नीट पाहा." मी खाली मान घालून खिळे सरळ करत राहिलो. ती गेली.

मी हट्टी माणूस आहे. सही केली ती केली. पण त्या रविवारी शिंपी गप्प झाला, लाईट गेली, आणि अंधारलेल्या हॉटेलात मला एकदम गुलाबरावांच्या बैलाचा पुढचा उजवा पाय आठवला.

त्या बैलाचा पुढचा उजवा खूर, आतला भाग, फाटका होता. गोऱ्हा होता तेव्हा दगडात अडकला होता. पायाचे केस संपतात त्या कडेपासून खालपर्यंत चीर. अशी चीर भरून येत नाही. खूर वाढतो, चीर त्याच्यासोबत वाढते. म्हणून त्या नालाला मी तीनच खिळे मारायचो. तिसऱ्याची जागा रिकामी सोडायचो, नाहीतर खूर उकलला असता. सहा वर्षं सोडली. आणि ठाण्यात मी कोणता पाय उचलला? मागचा डावा. खिळे किती दिवसांचे, तेही पाहिलं नाही.

म्हणजे बैल कोणाचा, हे मला माहीतच नव्हतं. मी शपथेनं सांगायला निघालो होतो, आणि मला माहीत नव्हतं!

सोमवारी सकाळीच कोंडवाड्यावर गेलो. राखणदार म्हणाला, "कोर्टाचा माल हाय. हात लावता येत नाई."

"हात नाई लावत. एक पाय पायतो."

"दुरून पाहा."

बैल शेणाच्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतून उभा. दुरून काय दिसतं?

रामदासला सांगितलं. तो घाबरला. "दौलतभाऊ, लिवून देल्लं ना तुमी? मंग तेच बोला. बयान बदललं तं तुमालेच आत टाकतीन. या वयात जेलची भाकर खानार हाय काय?"

"अन् तो किसन खाईन ते चालते?"

"तुमाले कुटं मालूम हाय तो चोर नाई म्हनून?"

खरं होतं. मला तेही माहीत नव्हतं. पाय फाटका निघाला तर किसन पक्का चोर, आणि माझी सही बरोबर. धड निघाला तर मी एका गरीब माणसाला चोर केलं, तेही त्याच्या डोळ्यांसमोर. त्या रात्री जेवण गेलं नाही एवढंच सांगतो.

मंगळवारी कोर्टात खटल्याचा निकाल नव्हता. खटले वर्षानुवर्षं चालतात. त्या दिवशी फक्त बैल तोवर कोणाच्या ताब्यात द्यायचा ते ठरायचं होतं. पण सारे जाणत होते, बैल ज्याच्या हाती जाईल त्याचंच खरं धरलं जाईल.

न्यायाधीश बाई होत्या. माझ्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. आवाज असा की खाली बसलेल्या माणसाला वाटावं आपल्याशीच बोलतात. मला पिंजऱ्यात चढवलं. समोर गुलाबरावांचे वकील, आणि कोण म्हणता? शनीचा नाल नेणारे तेच साहेब. मला पाहून ओळखीचं हसले.

"ठाण्यात तुम्ही सांगितलं की नाल तुमचे आहेत. बरोबर?"

"बरोबर."

"आणि बैल गुलाबरावांचा आहे. बरोबर?"

मागच्या बाकावर गुलाबराव हात जोडून बसले होते. दुसऱ्या कोपऱ्यात किसन, त्याची बायको. मला त्या शिंप्याचा घाम दिसला. त्यानं पुढे काय उत्तर दिलं ते मला माहीत असतं तर बरं झालं असतं. एकट्यानं उत्तर द्यायचं म्हणजे काय, ते पिंजऱ्यात उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

"मालूम नाही," मी म्हणालो.

वकील साहेबांचं हसू गेलं. "काय?"

"बैल कोनाचा ते मले मालूम नाही. मी एकच पाय पायला होता."

"ही सही तुमची आहे ना?"

"सही माझी. चूक बी माझीच."

कुजबुज झाली. वकील साहेब चढ्या आवाजात बोलायला लागले, साक्षीदार फुटला, साक्षीदाराला कोणीतरी पढवलं. मीही तापलो. म्हणालो, "साहेब, मले कोनी पढवू शकलं असतं तं मी तिसरीत काहून राह्यलो असतो?" लोक हसले. मॅडमनी हात वर केला तशी शांतता झाली.

"बाबा," त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला काय पाहायचं आहे?"

चाळीस वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं. लोक म्हणायचे, लवकर कर, पक्का मार, किती वेळ. काय पाहायचं आहे, असं नाही. मी चिरेचं सांगितलं. तिसऱ्या खिळ्याचं सांगितलं. आणि हेही सांगितलं की खूर धड आहे की फाटका हे मला या घडीला ठाऊक नाही, पाहिल्यावर जे असेल ते बोलेन.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बैल आणवा."

दुपारी बैल कोर्टाच्या आवारात आला, कडुलिंबाच्या झाडाखाली. आणि मॅडम खाली आल्या! मला वाटलं होतं पायऱ्यांवर उभ्या राहतील. त्या पायऱ्या उतरून मातीत आल्या, काळा कोट सावरत. त्यांच्यामागे कारकून, वकील, पक्षकार, सारं कोर्ट. टीव्हीतल्या कोर्टात मी असं कधी पाहिलं नव्हतं. तिथं न्यायाधीश उंचावरूनच बोलतो.

मी दोर टाकला. बैल पाडायला माणसं लागतात. मी म्हणालो, "मालकानं मानेवर बसा." म्हणालो आणि जीभ चावली. मालक कोण?

गुलाबराव पुढे झाले, किसनही. दोघं एकमेकांकडे पाहत उभे. मॅडम म्हणाल्या, "दोघंही धरा."

गुलाबरावांनी शिंगं धरली, किसन मानेशी बसला. बैल आधी फुरफुरला. मग किसननं त्याच्या कानामागे हात ठेवला, "बस राजा, बस, झालं आता," आणि बैल निवांत झाला. मी पायांशी बसलो. पुढच्या उजव्या पायावरचा वाळलेला चिखल खरवडला. मॅडम माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या होत्या. मागे दोन-तीनशे माणसं असतील. पण लिंबावरच्या पाखरांचा आवाज ऐकू येत होता.

चिखल पडला. खूर दिसला.

धड होता. काळाभोर, केसाच्या कडेपासून खालपर्यंत, आरशासारखा धड. आणि नालाला खिळे चार. तिसरा खिळा आपल्या जागी बसलेला, टोक वळवून दोनदा दाबलेलं. माझ्याच हातानं.

चार पैशांचा लोखंडी खिळा. मी मारला आणि विसरलो. आणि तो महिनाभर तिथं चिखलात, कोंडवाड्यात, खरं धरून बसला होता. मी खोटं बोलत होतो तेव्हाही तो तिथंच होता.

"नाल किती दिवसांचा?" मॅडमनी विचारलं.

"महिनाभराचा. लय तं सव्वा. दोन महिने झाले असते तं खिळे खूर वाढून खाली सरकले असते." मग मी पकडीनं तो नाल काढला, भोकं मोजून दाखवली. "मॅडम, हा बैल मीच नालला. गुलाबरावांचा बैल गेल्यावर. मानेवर कोन बसला होता ते मी पायलं नव्हतं."

मॅडमनी तो खूर आपल्या हातात घेतला. बोटानं वरपासून खालपर्यंत चाचपला. मला आजही त्यांचा तो हात दिसतो, घड्याळ बांधलेला, शेणामातीत.

वकील साहेब काही बोलायला गेले. पण त्यांच्याआधी गुलाबराव उठले. त्यांनी शिंगं सोडली होती. वाकून खूर पाहिला, बराच वेळ पाहिला. त्यांच्या बैलाचा फाटका पाय त्यांनीच सहा वर्षं तेल लावून जपला होता, पण बाजारात शिंग न् चाल पाहून मिठी मारताना त्यांनी पायाकडे पाहिलंच नव्हतं.

"मॅडम," ते म्हणाले, "हा माया बैल नाई."

वकिलानं त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवला. "अजी सोडा ना. नाई तं नाई. माया गेला तो गेला." मग किसनकडे पाहून, "मले डोयांनी धोका देल्ला रे बाप्पा," आणि ते खाली मातीत बसून लहान पोरासारखे रडले. किसननं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पाच मिनिटांपूर्वी ज्याला बैलचोर म्हणत होते त्यानं.

टीव्हीत शेवटी खुनी उभा राहतो. आमच्या कोर्टात, लिंबाखाली, ज्याचा बैल खरोखर चोरीला गेला होता तो माणूस उभा राहिला. मी बऱ्याच गोष्टी पाहिल्या, पण याच्यापुढे हात जोडावेत असं काही पाहिलं नाही. गुलाबरावांचा बैल पुढे कधीच सापडला नाही. हे मला आजही खटकतं.

मॅडम वर जाऊन बसल्या आणि माझा जबाब पुन्हा लिहवून घेतला. बाजूची बाई टाइप करत होती. खूर, चीर, खिळा, टोक दोनदा दाबणं, सारं. माझ्या बापाचा धंदा कोर्टाच्या कागदावर चढत होता, आणि मी ऐकत उभा होतो. शेवटी मॅडम माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सही करण्याआधी पूर्ण पाहत जा, बाबा." साऱ्यांसमोर. मी होय म्हणालो. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर ऐकून घेतलं नसतं.

काढलेला नाल पाकिटात घालून कोर्टानं ठेवून घेतला. बैल किसनच्या ताब्यात दिला. संध्याकाळी तो रिसोड रोडनं बैल घेऊन निघाला. मी फाटकाशी उभा होतो. माफी मागायची होती. पण माझ्या तोंडून माफी निघत नाही, लहानपणापासून. किसन थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे निघाला. बैल सात नालांवर चालत गेला. डांबरी रस्त्यावर त्याचं एक पाऊल वेगळं वाजत होतं. दूरपर्यंत ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहाई म्हणजे माझी छोटी ऐरण, हातोडा, पकड, एक नाल न् खिळे पिशवीत भरून स्टँडकडे निघालो. रामदासनं हॉटेलातून हाक मारली, "दौलतभाऊ, या ना! रविवारचा भाग परत दाखवून राह्यले. तुमचा शिंपी आला पाहा!" मी थांबलो नाही. तो शिंपी काय बोलला ते मला अजून माहीत नाही. एसटीनं किसनच्या गावी उतरलो, विचारत विचारत त्याच्या अंगणात गेलो. तो बैलाला कडबा टाकत होता. "एक नाल राह्यला होता," मी म्हणालो. त्यानं दोर आणला. बैल बसवला, मानेवर बसला. मी पायांशी गेलो नाही. आधी समोर जाऊन उभा राहिलो. बैलाचं तोंड पाहिलं. डोळ्यांखाली काळी रेघ होती, डावं शिंग टोकाशी आत वळलेलं. मग मानेवर बसलेल्या माणसाचं तोंड पाहिलं, नीट, पुरं. मग मी खाली बसलो आणि खूर हातात घेतला.